गाडी पंचवीस हजाराची, मागची सीट कितीची?

प्रश्न : काकाजी, रामराम. माही गाडी सव्वाशे सीसीची. २५ ऑक्टोबर २०२० ले, दसऱ्याच्या दिवशी शोरूममधून काढली. पाच वर्षाचा विमा होता, तो २४ ऑक्टोबर २०२५ ले संपला. तवापासून गाडी तशीच पयते. तालुक्याचा एजंट म्हन्ते, फर्स्ट पार्टी काढ, दोन हजाराच्या आसपास जाइन. चौकातला ऑनलाइनवाला म्हन्ते, ८४३ रुपयात थर्ड पार्टी देतो, पोलीस काही करत नाही. गाडी आता इकली तं पंचवीस हजार येतीन. तिच्यासाठी दोन हजार काउन घालाचे? मी आन् मंडळी बाजाराले, लगनाले गाडीवरच जातो. शेजाऱ्याच्या गाडीले मंगच्या महिन्यात रोह्यानं (नीलगायीनं) उडवलं, कंपनीनं छदाम नाई देला. त्याचाबी पाच वर्षाचा विमा होता.
— एक कास्तकार, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, रामराम. आधी शेजाऱ्याचं सांगतो, कारण त्याच्यासारखे लोक माझ्या सर्व्हेयरकीच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान मोजायच्या कामाच्या, बावीस वर्षांतल्या शेवटच्या काही वर्षांत मी खंडीभर पाहिले. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारा विमा, सक्तीची झाली. शोरूमवाला तिच्यासोबत गाडीच्या नुकसानीचं संरक्षण बहुतेक वेळा एकाच वर्षाचं जोडतो. कागदावर तारखांच्या दोन ओळी असतात. आपण खालची, लांबची तारीख वाचतो, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालतो आणि पिशवी पेटीत. रोही आडवा आला तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तेव्हा फक्त थर्ड पार्टी जिवंत होती, आणि तिच्यातून स्वतःच्या गाडीला दमडी मिळत नाही. रोही, रानडुक्कर, वीज, पूर, चोरी हे सगळं गाडीच्या नुकसानीच्या भागात येतं. तुमचा कागदही काढून बघा, हीच गोष्ट दिसेल.

ऑनलाइनवाल्यानं आकडा बरोबर सांगितला. १ जून २०२२ पासूनच्या दरानं ७५ ते १५० सीसीच्या गाडीची वर्षाची थर्ड पार्टी ७१४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. हा दर सरकारी आहे, कंपनी बदलून कमी होत नाही. पोलिसांचं त्याचं गणितही चुकीचं नाही. विनाविमा पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००. तुरुंगाचीही तरतूद आहे. म्हणजे आज तुम्ही ८४३ वाचवायला २,००० डावावर लावून फिरताय. हे आजच थांबवा, पाहिजे तर त्याच्याकडूनच.

आता दोन हजाराच्या फर्स्ट पार्टीचं, म्हणजे थर्ड पार्टी आणि आपल्या गाडीचं नुकसान दोन्ही धरणाऱ्या विम्याचं. गाडीसाठी विचाराल तर मी एजंटची बाजू घेणार नाही. पाच वर्षांवरच्या गाडीचा दावा कसा कापला जातो ते मी स्वतः कापलेलं आहे : प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मे जातात, लोखंडी सुट्या भागांतून ४० टक्के, शेवटी १०० रुपये आणखी वजा. मजुरी तेवढी पुरी मिळते. चार हजाराचं प्लास्टिक फुटलं तर हातात दोन हजाराच्या आतच. चोरी झाली किंवा गाडी पार चेंदामेंदा झाली तरच खरा उपयोग. तेव्हा पॉलिसीवर लिहिलेली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, मिळते. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, म्हणून हप्ता कमी दाखवायला कोणी ती पंधरा हजार टाकत असेल तर टाकू देऊ नका.

पण तुम्ही पत्रात एक ओळ सहज लिहून गेलात, ती मी दोनदा वाचली. मंडळी मागे बसते.

माझ्या मामेबहिणीची गोष्ट. कळंबहून राळेगावकडे लग्नावरून परतताना वळणावर सांडलेल्या गिट्टीत गाडी घसरली. जावई, म्हणजे तिचे यजमान, गाडी जोरात चालवत होते, ते स्वतःच कबूल करतात. त्यांना खरचटलं, बहिणीची मांडी मोडली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि त्या साली विकलेल्या कापसाचे पैसे तिथंच जिरले. पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची होती. थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरचा परका माणूस. दुचाकीवर मागे बसलेला त्यात धरला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच सांगितलंय. पॅकेज पॉलिसी, म्हणजे तुमची ‘फर्स्ट पार्टी’, असेल तर मागे बसणारा त्यात येतो. विमा नियामकानं १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलं. तरी पैसे आपोआप येत नाहीत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं आणि बहुतेक वेळा चालवणाऱ्याची चूक दाखवावी लागते. बायकोनं नवऱ्याची चूक कोर्टात दाखवायची, म्हणून मी तुम्हाला आणखी एक सांगेन : मागच्या माणसासाठी वेगळं अपघात संरक्षण थोड्या पैशांत जोडता येतं, ते मागून घ्या. एजंट बहुतेक स्वतःहून बोलणार नाही.

तेव्हा पॅकेज काढा, पण मागच्या सीटसाठी. आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण त्यात आहे का तेही बघा. त्यासाठी गाडी तुमच्या नावावर हवी आणि लायसन जिवंत हवं. तुमचं कधी संपतं ते पत्रात नाही. मधे खंड पडल्यामुळे कंपनी गाडीचे फोटो मागेल, धुऊन पुसून काढा.

प्रश्न : मी आशा वर्कर आहे. जुनी स्कूटी घेतली, विमा अजून आधीच्या बाईंच्या नावावर आहे. चालेल का?
— एक ताई, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, थर्ड पार्टी गाडीसोबत येते, तिचं भ्या नाही. पण स्कूटी फुटली तर भरपाई मागायला अडचण, आणि १५ लाखांचं संरक्षण त्या बाईंचं होतं, तुमचं नाही. घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीला नाव बदलायचा अर्ज द्यायचा असतो. उलटले असतील तरी आज द्या. आरटीओतली नावबदलीही सोबतच करा. त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळणार नाही, तो त्यांच्या पुढच्या गाडीला जाईल. त्यावरून विकणारीशी भांडू नका.