रानफुलांचा रंग का उडाला?

प्रश्न : जलरंगातलं रानफुलांचं चित्र खिडकीसमोर लावलंय. गुलाबी पाकळ्या फिक्या पडल्या, पानं मात्र तशीच आहेत. शिवाय माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) कडेने कागद तपकिरी झालाय. असं का?

उत्तर : दोष दोन वेगवेगळे आहेत. पाकळ्यांना बहुधा अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग वापरलाय; उजेडात तो उडतो, आणि पातळ थरात तर फारच लवकर. उडालेला रंग परत येत नाही. पुढच्या चित्रासाठी ट्यूबवर ‘पीव्ही १९’ हा रंगद्रव्याचा क्रमांक पाहून उजेडात टिकणारा क्विनॅक्रिडोन गुलाबी घ्या. तपकिरी कड आम्लयुक्त माउंटमुळे येते. तो लगेच बदला, आम्लमुक्त घ्या. काच चित्राला टेकू देऊ नका, ओल धरते. अतिनील किरण अडवणारी काच बसवली तरी जागा उन्हाबाहेरचीच हवी.