हॉस्टेलमधल्या परगावच्या विद्यार्थ्यांची मतदार नोंदणी कॉलेजमध्ये शिबिर घेऊन करता येते का?

हो, येते: हॉस्टेलचा पत्ता घालून नव्या मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरायचा आणि सोबत प्राचार्य, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांच्या सहीचं बोनाफाइड जोडायचं. निवडणूक आयोगाच्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा. भाषणं, पोस्टर नंतर. आधी या सह्यांची सोय लावा, खरी रखडपट्टी तिथेच होते. दुसरी अडचण पडताळणीची. बीएलओ (पत्त्यावर येऊन पडताळणी करणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) सुट्टीत आले आणि खोलीला कुलूप दिसलं की अर्ज अडकतो, म्हणून सत्र चालू असतानाच अर्ज भरा आणि रेक्टरकडे अर्जदारांची यादी देऊन ठेवा. १७ पूर्ण झालेल्यांचेही आगाऊ अर्ज घेता येतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला १८ पूर्ण असतील, त्या तिमाहीत नाव लागतं. मात्र गावच्या यादीत आधीच नाव असेल, तर फॉर्म ६ चालत नाही. स्थलांतरासाठी फॉर्म ८ भरायचा. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदेशीर आहे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.