वाचकांचे प्रश्न : रीस्टार्टनंतर रॅममध्ये माहिती उरते का?

प्रश्न : मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहते. संगणक रीस्टार्ट केला की रॅममधील सर्व माहिती तत्क्षणी नाहीशी होते, असे आम्हांला प्रशिक्षणात सांगितले होते. हे कितपत खरे आहे? लॅपटॉपचे झाकण नुसते मिटून तो घरी नेला, तर सभासदांची माहिती सुरक्षित राहते का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : प्रशिक्षणात सांगितलेले विधान ढोबळमानाने बरोबर असले, तरी त्यातील ‘तत्क्षणी’ हा शब्द चुकीचा आहे.

रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती कार्यस्मृती. तिच्यातील प्रत्येक बिट (0 किंवा 1) एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधील, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकातील, भाराच्या रूपाने साठवलेला असतो. हा भार सतत गळत असल्यामुळे साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरून घेतला जातो. मात्र ही मुदत सर्वांत दुबळ्या कपॅसिटरचा विचार करून ठरवलेली असते. बहुतेक कपॅसिटर त्याहून बराच अधिक काळ तग धरतात आणि वीज तोडल्यावरही काही सेकंद माहिती शिल्लक राहू शकते. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली हे प्रयोगाने दाखवून दिले. धूळ उडवण्यासाठी वापरला जाणारा हवेचा डबा उलटा धरून त्यांनी रॅमच्या चिप उणे 50 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्या, तेव्हा वीज नसताना 10 मिनिटांनंतरही सहसा एक टक्क्याहून कमी बिट बिघडले होते. अशा रॅममधून त्यांनी डिस्कच्या एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवण्याच्या, किल्ल्या शोधून काढल्या. विंडोजमधील बिटलॉकर आणि मॅकमधील फाइलव्हॉल्ट या एन्क्रिप्शनच्या दोन्ही प्रणाली त्यांच्यापुढे टिकल्या नाहीत.

रीस्टार्टमध्ये तर रॅमचा वीजपुरवठा बहुधा तुटतही नाही. संगणक सुरू होताना फर्मवेअर (यंत्रातच बसवलेली प्राथमिक आज्ञावली) आणि ऑपरेटिंग सिस्टीम रॅमच्या ज्या भागांवर नवे लिहितात, तेथील जुनी माहिती जाते. उरलेली माहिती काही यंत्रांत तशीच राहू शकते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधील ‘रॅमऊप्स’ ही सोय याच गुणाचा उपयोग करते : यंत्रणा कोसळण्यापूर्वीची नोंद रॅमच्या राखीव भागात लिहून ठेवली जाते आणि रीस्टार्टनंतर ती वाचता येते.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. झाकण मिटल्यावर बहुतेक लॅपटॉप बंद होत नाहीत, ते स्लीप अवस्थेत जातात. या अवस्थेत रॅमला वीज मिळत राहते आणि उघडलेली खातीच नव्हे, तर एन्क्रिप्शनची किल्लीही तेथे कायम राहते. त्यामुळे लॅपटॉप बाहेर नेताना तो पूर्ण शटडाउन करावा आणि काही मिनिटांनीच पिशवीत ठेवावा. हायबरनेटचा पर्याय निवडल्यास रॅममधील मजकूर डिस्कवर लिहिला जातो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर तो मजकूर डिस्क काढून वाचता येतो.

नव्या लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा मदरबोर्डवरच (संगणकाच्या मुख्य पट्टीवरच) पक्की जोडलेली असते, त्यामुळे ती काढून दुसऱ्या यंत्रात बसवणे अवघड झाले आहे. तरीही एक गोष्ट आपल्या संस्थेच्या तंत्रज्ञाकडून अवश्य तपासून घ्यावी. बिटलॉकर सुरू असूनही संगणक चालू होताना पिन विचारला जात नसेल, तर बटण दाबताच किल्ली आपोआप रॅममध्ये येते, आणि मग लॅपटॉप आधी कितीही वेळ बंद असला तरी त्याचा उपयोग होत नाही.