जादू, दृष्टिभ्रम या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द कोणता?

तुम्ही शोधताय तो शब्द म्हणजे 'ग्लॅमर', आज आपण सिनेतारकांसाठी वापरतो तोच. मूळचा तो स्कॉटलंडचा, आणि अर्थ थेट नजरबंदी: समोर असतं एक आणि डोळ्यांना दिसतं भलतंच. सर वॉल्टर स्कॉटच्या १८०५ सालच्या दीर्घकाव्यात हा अर्थ अगदी स्वच्छ दिसतो. तिथे एका मांत्रिकाच्या पोथीतल्या मंत्रात 'ग्लॅमर'चं बळ आहे. त्या मंत्राने तळघराच्या भिंतीवरची कोळिष्टकं राजवाड्यातले भरजरी पडदे वाटतात, साधी करवंटी सोन्याने मढवलेली नाव वाटते, म्हातारा तरुण दिसतो. शब्द रूढ झाला तो मुख्यतः स्कॉटमुळेच.

गंमत म्हणजे हा 'ग्रॅमर'चाच अपभ्रंश, 'र'चा 'ल' झालेला. मध्ययुगात ग्रॅमर म्हणजे एकूणच लॅटिन पोथ्यांची विद्या, आणि निरक्षर माणसाला पोथी वाचणारा मंत्रतंत्रही जाणत असणार असंच वाटे. मंत्रांच्या पोथीला फ्रेंचमध्ये 'ग्रिम्वार' म्हणतात, तोही याच कुळातला.

मात्र 'ग्लॅमर' लिखाणात सापडतो तो अठराव्या शतकापासून. त्यामुळे तुम्ही कथा लिहीत असाल आणि ती शेक्सपिअरच्या काळातली किंवा त्याआधीची असेल तर हा शब्द पात्राच्या तोंडी घालू नका. तिथे 'ग्रॅमरी' घ्या. तो बराच जुना आहे, पण त्याचा अर्थ नुसती नजरबंदी नाही, सगळी जादूविद्याच त्यात येते.