दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू खेड्यातल्या बालवाडीला भारतातून मदत करायची तर खेळणी पाठवावीत की पैसे?

खेळणी नकोत. पैसे पाठवा, आणि तेही बाईंच्या पगाराला. 'भिंतीवर आईच्या नावाची छोटी पाटी लावता येईल का' असं तुम्ही प्रश्नात विचारलंय म्हणून सविस्तर लिहिते, कारण याच पाटीवरून माझं एका गृहस्थांशी चांगलंच वाजलेलं आहे.

आम्ही डर्बनला होतो तेव्हा काही भारतीय कुटुंबांनी मिळून वर्गणी काढली. क्वाझुलु-नाताळमधल्या एमसिंगा भागात, तुगेला नदीच्या खोऱ्यात, एक बालवाडी हेरली होती. अंगणवाडी डोळ्यांसमोर आणू नका. तिकडच्या बहुतेक बालवाड्या सरकारी नसतात, गावातल्याच एखाद्या बाईने घराशेजारी काढलेल्या असतात. इथे मातीची एक खोली, पत्र्याचं छप्पर आणि बाहेर पावसाच्या पाण्याची हिरवी जोजो टाकी होती. बाई साठीच्या, सगळ्यांच्या गोगो, म्हणजे आजी.

माझा पिंड हिशेबाचा, म्हणून मी आधी वही मागितली. हाताने रेघा मारलेली वही, पोरांची नावं, पुढे महिन्याची फी. सरकारचं बाल-अनुदान आयांच्या हातात पडतं त्या दिवसांत पटापट नोंदी, मग महिनाभर शुकशुकाट. निम्मे रकाने कोरेच. जे येई त्यातून आधी मक्याचं पीठ, मग गॅस, मग मदतनीस मुलीला थोडं. गोगोंच्या स्वतःच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी मागितलं काय, तर कुंपण, संडास आणि नोंदणीचे कागद करून देणारं कोणीतरी. आमच्या खजिनदारांना मात्र घसरगुंडी, रंगीत भिंत आणि दारावर पाटी हवी होती. मी म्हटलं, वर्षभर पगार देऊ आणि कागद मार्गी लावू. तर म्हणे, 'पगाराची सवय लागते, वहिनी.' हे स्वतः पंचवीस तारखेला पगार जमा झाला का म्हणून फोन चाचपणारे! बहुमत त्यांचं. घसरगुंडी बसली, फोटो निघाले. पुढे नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक आले आणि त्यांनी संडासाचं विचारलं. नोंदणी अडली ती तिथेच.

ती अडली की काय जातं, ते नीट समजून घ्या. २००५ च्या बालक कायद्याप्रमाणे सहाहून जास्त मुलं सांभाळणाऱ्याला नोंदणी करावी लागते, आणि ती झाल्यावरच गरीब घरच्या मुलांमागे रोजचं सरकारी अनुदान मागता येतं. ते कित्येक वर्षं मुलामागे दिवसाला १७ रँडवर (रँड म्हणजे तिकडचं चलन) अडलं होतं, २०२५ च्या अर्थसंकल्पात २४ झालं. जेवण आणि पगार दोन्ही त्यातूनच. २०२१ च्या बालवाड्यांच्या गणनेत देशभर ४२,४२० केंद्रं सापडली. अनुदान मिळत होतं जेमतेम तिसऱ्या हिश्श्याला. एप्रिल २०२२ पासून हा कारभार समाजविकास खात्याकडून शिक्षण खात्याकडे गेलाय. त्यात झुलू भागातली बरीच जमीन इंगोन्यामा ट्रस्टची, झुलू राजा तिचा विश्वस्त. बाईंच्या नावावर सातबारासारखं काही नसतंच. इंडुना, म्हणजे गावचा मुखिया, याच्यापासून पत्रं गोळा करत हिंडावं लागतं. म्हणून म्हणते, कागदांसाठी दिलेले पैसे पुढे अनुदान आणतात, घसरगुंडी काही आणत नाही.

कोणाकडे द्यायचे, हेही विचारलंत. डर्बनची ट्री आणि ग्रेटाउनची लेटसी या संस्था खेड्यातल्या बालवाडी-बाईंना शिकवतात, टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायलाही. त्यांना थेट लिहा आणि 'पगार किंवा नोंदणीसाठीच' असं स्पष्ट कळवा. पुस्तकं द्यायचीच असतील तर झुलू भाषेतली, तिथेच विकत घेतलेली. इंग्रजीचे गठ्ठे पाठवू नका.

आणि हो, मी पाहिलं ते एकाच खोऱ्यातलं. कुठे पाण्याचीच बोंब असेल तर आधी टाकी, पगार नंतर. पगाराचे पैसे मधल्यामध्ये खाणारेही भेटतात, तेव्हा वही मागाच. प्रामाणिक बाईला त्याचा राग येत नाही. भारतातून पाठवाल तर बँकेत एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, जातील, पण देणगीवरची ८०जी ची प्राप्तिकर सूट मिळणार नाही. पाटीचं म्हणाल तर आईच्या नावाने वर्षाचा पगार द्या आणि तसं पावतीवर लिहून घ्या. आमच्या खजिनदारांना हे तेव्हा सुचवलं होतं, तर म्हणाले, पावतीचा फोटो काय काढायचा?