साखरेने जखम चिघळते, मग शर्करेच्या औषधाने भरते कशी?

मधुमेहात साखरेमुळेच जखम भरत नाही, मग वडिलांच्या पायाच्या जखमेवर हायलुरॉनिक ॲसिडचं मलम कसं चालेल, कारण तीही शर्कराच, असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे. मी काही वर्षं त्वचेच्या पेशी वाढवायचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रक्तातली साखर म्हणजे ग्लुकोजचा सुटा रेणू. हायलुरॉनिक ॲसिडमध्ये दोन शर्करा-घटक आलटूनपालटून हजारो वेळा ओवलेले असतात. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गुरांच्या डोळ्यातून वेगळं केलं. आपल्या शरीरातलं जवळपास निम्मं त्वचेतच असतं. मलमामुळे रक्तातली साखर वाढेल, ही भीती काढून टाका.

प्रयोगशाळेत आम्ही बशीत पेशींचा सलग थर वाढवायचो आणि पिपेटच्या टोकाने मधोमध ओरखडा काढायचो. काठावरच्या पेशी चपट्या होतात, पातळ पदर पुढे टाकतात आणि रिकाम्या जागेत सरकू लागतात. पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्या माध्यमात ग्लुकोज फार वाढवलं की हेच सरकणं मंदावतं. तुमच्या वडिलांच्या जखमेत तेच चाललेलं असतं, शिवाय रक्तपुरवठा कमी आणि पायाला बधिरपणा.

हायलुरॉनिक ॲसिडच्या साखळीची लांबी मात्र फार महत्त्वाची. लांब साखळी पाणी धरते, दाह शांत ठेवते. जखम झाली की तिचे तुकडे पडतात आणि हे तुकडे पेशींवरच्या सीडी४४सारख्या ग्राहकांना, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटून दुरुस्तीची हाक देतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. हेपरान सल्फेट ही दुसरी शर्करा-साखळी. वाढीची काही प्रथिनं तिने धरून दिल्याशिवाय पेशीला नीट जोडलीच जात नाहीत. मला या सगळ्यात हीच सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

जखमेत साखर भरण्याचा जुना उपाय वेगळा. ती पाणी ओढून घेते, त्यामुळे जंतूंना वाढता येत नाही. पण मधुमेही पायावर हा प्रयोग घरी करू नका.

मलम कुठलंही असो, रक्तातली साखर आटोक्यात हवी आणि जखमेवर चालताना भार येता कामा नये. दर आठवड्याला लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवा. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर उपचार बदलायला हवेत, ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पू, लाली, वास किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी.