मुंबईतल्या पावसाच्या माहितीसाठी सोशल मीडियावर कोणाला फॉलो करू विचारलंस ना, हे घे

सगळ्यात आधी हवामान खात्याचं मुंबईचं अकाउंट फॉलो कर, बाकी सगळं नंतर. मला ते आवडतं कारण उगाच घाबरवत नाहीत, यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, आणि पुढच्या तीन तासांचा अंदाज, म्हणजे नाऊकास्ट, येतो तो तर ऑफिसातून निघायच्या आधी बघच. कुलाबा आणि सांताक्रूझ केंद्रांचे पावसाचे आकडे सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचे असतात, २०४.४ मिमीच्या वर पाऊस गेला की अत्यंत मुसळधार. हवामानशास्त्रज्ञ होसाळीकर सरांचं पण अकाउंट आहे, सॅटेलाइटचे फोटो टाकतात, ढग कुठून येतायत ते बघता बघता आपोआप कळायला लागतं रे, खरंच खूप शिकलो मी त्यातून. महापालिकेचं अकाउंट समुद्राच्या भरतीच्या वेळांसाठी ठेव. व्हॉट्सअपवरचे फॉरवर्ड मात्र तारीख बघितल्याशिवाय पुढे पाठवू नकोस, प्लीज.